विमान एका तासाचं, प्रवास सव्वाचार तासांचा

सोलापूरच्या मित्रमैत्रिणींचे स्टेटस तुम्ही पाहिले असतील. हातात बोर्डिंग पास, मागे पंखे फिरणारं छोटं विमान आणि खाली कॅप्शन : ‘सोलापूर ते गोवा, फक्त एक तास!’ ९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं, तेव्हा गावातल्या अर्ध्या फोनवर हेच होतं. साहजिकच आहे. ज्या गावातून गोव्याला जायचं म्हणजे एसटी किंवा ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर मान वाकडी करून झोपायचं, त्या गावासाठी ‘एक तास’ हा शब्द जादूचाच.

पण हा एक तास नेमका कुणाचा? विमानाचा की तुमचा?

प्रश्न खुसपट काढायला विचारलेला नाही. कारण याच एका तासाच्या नावाखाली सध्या आपल्या राज्यात बरंच काही होतंय. छोट्या शहरांत विमानतळ उघडतायत, सरकार एकेका सीटमागे हजारो रुपये देतंय, आणि सोलापुरात तर त्यासाठी एका साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. तेव्हा एकदा कागद-पेन घेऊन बसू. दहावीपर्यंतचं गणित पुरेल.

आधी अंतर. सोलापूरचं विमानतळ होटगी रोडला, गोव्याचं मोपाला, म्हणजे पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्गाच्या उंबऱ्यावर. दोघांचे अक्षांश-रेखांश घेऊन हिशेब केला तर सरळ रेषेतलं अंतर येतं साधारण ३०५ किलोमीटर. वैमानिक किलोमीटर मोजत नाहीत, ते नॉटिकल मैल मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळे त्यांच्या भाषेत हे १६५ मैल. कुठल्याही दोन विमानतळांमधलं ‘हवाई अंतर’ म्हणून फोनवर जो आकडा दिसतो तो असाच काढलेला असतो. पृथ्वी गोल आहे, त्या गोलावरची सगळ्यात जवळची रेघ. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या अंतरावर ही रेघ नकाशावर चक्क वाकडी दिसते. सोलापूर-गोव्याला तो फरक नावापुरताही नाही.

फरक दुसरीकडे आहे. विमान त्या रेघेवरून उडत नाही. त्याला ठरलेल्या हवाई मार्गांवरून, ठरलेल्या बिंदूंवरून जावं लागतं. शिवाय आपल्या आकाशाचा मोठा भाग लष्करासाठी राखीव असतो. २०२० च्या मे महिन्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच सांगितलं होतं की देशाच्या हवाई क्षेत्रापैकी जेमतेम ६० टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणाने मिळतो. आपल्याकडचंच पाहा. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्यातलं दाबोळी नौदलाचं. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढणं सोपं, पण त्या रेघेला परवानगी लागते.

आता वेळ. या मार्गावर ‘फ्लाय ९१’ या कंपनीनं एटीआर ७२ जातीचं विमान आणलं. साधारण ७० सीटचं, दोन पंख्यांचं. पूर्ण वेगात ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. मग ३०५ भागिले ५००, म्हणजे ३७ मिनिटं. बरोबर ना? मग वेळापत्रकात तासाभराचा आकडा कशाला? कंपनी उगाच वेळ वाढवून सांगते का?

नाही. विमान पूर्ण वेगात असतंच मुळी थोडा वेळ. उड्डाणानंतरची पंधराएक मिनिटं ते वर चढत असतं, आणि चढताना वेग बराच कमी, ताशी तीनशेच्या घरात. एटीआर जेटसारखं ३५ हजार फुटांवर जात नाही, २५ हजार फूट ही त्याची कमाल. इतक्या छोट्या पल्ल्यावर तर तितकंही जायची गरज नसते. पुन्हा उतरताना पंधरा मिनिटं. माझ्या अंदाजी हिशेबात चढण्यात ७५ किलोमीटर जातात, उतरण्यात ९०. उरले १४०. म्हणजे ज्या वेगाची जाहिरात होते, त्या वेगाने विमान सोलापूर-गोवा मार्गावर फक्त सतरा-अठरा मिनिटं उडतं. वर धावपट्टीच्या योग्य टोकाकडून शिरायला पाच-सात मिनिटांचा वळसा. आणि दोन्हीकडे जमिनीवर रांगत जाण्याची पाच-पाच मिनिटं. झाले की नाही साठ-पासष्ट?

विमान कंपन्या या सगळ्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. चाकांना लावलेले अडसर काढले की घड्याळ सुरू, दुसऱ्या गावी परत अडसर लावले की बंद. तिकिटावर तो वेळ असतो, हवेतला नव्हे. म्हणूनच कधी कधी वैमानिक घोषणा करतो, ‘आपला उड्डाणाचा वेळ ४५ मिनिटं असेल’, आणि आपण तिकीट काढून पाहतो तर त्यावर सव्वा तास. दोघंही खरं बोलत असतात.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. लहान पल्ल्यावर जेट असलं तरी फारसा फरक पडत नाही. सोलापूर-मुंबई सरळ अंतर ३६० किलोमीटरच्या आसपास. ताशी ५०० चं पंख्याचं विमान सगळा पल्ला त्या वेगाने गेलं असं मानलं तर ४३ मिनिटं, ताशी ८०० चं जेट घेतलं तर २७. वाचली सोळा मिनिटं. तीही कागदावर, कारण चढणं-उतरणं दोघांनाही चुकत नाही. आणि ही सोळा मिनिटं मुंबईवर घिरट्या घालण्यात सहज खर्च होऊ शकतात. म्हणून छोट्या मार्गांवर जगभर पंख्याची विमानं टिकून आहेत. इंधन कमी पितात, आखूड धावपट्टी चालते. त्यांना बघून ‘हे काय बे, एसटीला पंख लावलेत’ म्हणून हसू नका.

हा झाला विमानाचा एक तास. आता तुमचा.

समजा तुम्ही जुळे सोलापुरात राहता. विमानतळ जवळ, वीस मिनिटं धरू. दीड तास आधी पोचायचं, कारण चेक-इनची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. विमान ६५ मिनिटं. उतरून बॅग घेऊन बाहेर यायला वीस. मोपाहून पणजी तासाभराचा रस्ता. बेरीज करा : २५५ मिनिटं. सव्वाचार तास! यात हवाई प्रवास फक्त चौथा हिस्सा. मडगावला जायचं असेल तर अजून वाढवा.

तरीही हा सौदा चांगला आहे. कारण तुलना विमानाच्या वेळेशी करायची नसते, पर्यायाशी करायची असते. सोलापूरहून गोव्याला सोयीची थेट रेल्वे नाही. रस्त्याने चारशेच्या आसपास किलोमीटर, त्यात सह्याद्रीचा घाट, म्हणजे गाडीने आठ तास कुठे गेले नाहीत. सव्वाचार विरुद्ध आठ. अर्धा वेळ वाचला.

पण हेच गणित मुंबईला लावून पाहा. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. ४५५ किलोमीटर, साडेसहा तास. घरापासून स्टेशन, तिकडे उतरून मुक्काम, असं मिळून सात-सव्वासात तास. विमानाने घर ते दादर किंवा फोर्ट, पुन्हा तेच सव्वाचार तास, तेही अंधेरी-वांद्र्याचं ट्रॅफिक दयाळू असेल तर. वाचले तीन तास. वाईट नाही. पण आता सिद्धेश्वर एक्स्प्रेस आठवा. रात्री बसायचं, झोपायचं, सकाळी मुंबईत. घड्याळात आठएक तास गेले, पण दिवसातले किती गेले? शून्य. त्या वेळात तुम्ही तसेही झोपलाच असता. रात्रीची गाडी हा वेळ वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे, आणि ‘विमानाने किती तास वाचले’ या कुठल्याच बातमीत तो धरला जात नाही.

पुण्याला तर विचारूच नका. सरळ अंतर २४० किलोमीटरच्या आत. वंदे भारत तीन-साडेतीन तासांत पोचवते, हुतात्मा एक्स्प्रेस चारेक तासांत. विमान कितीही जोरात उडालं तरी विमानतळावरचा दीड तास आणि लोहगावहून हिंजवडीला पोचण्याचं दिव्य मिळून ते रेल्वेच्या पुढे जात नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण हवं? कोल्हापूर-नागपूर. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस तुम्हाला माहीत असेल. एकाच राज्यात इतकं लांब धावणारी गाडी म्हणून तिचं कौतुक होतं. मिरज, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा... सगळा महाराष्ट्र पाहून ती नागपूरला जाते. रुळांवरून जवळपास १२०० किलोमीटर. दुपारी कोल्हापूरला बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपार उलटून गेल्यावर उतरतो. आणि हवेतून? ७०० किलोमीटर. पाचशे किलोमीटरचा निव्वळ वळसा! अशा जोडीमध्ये विमान तुमचा अख्खा दिवस परत देतं. कोल्हापूरच्या एखाद्या पोरीला नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा एम्समध्ये प्रवेश मिळाला, तर दिवाळीला चार दिवसांची सुट्टी मिळाल्यावर घरी जाता येईल की नाही, हे त्यावर ठरतं.

म्हणजे बघा, नुसतं ‘किती किलोमीटर’ आणि ‘किती मिनिटं’ याने काही कळत नाही. जमिनीवरचा वळसा किती आणि तिथली सोय कशी, हे त्याच्या शेजारी ठेवावं लागतं. सोलापूर-मुंबईत रुळांचा वळसा सरळ अंतराच्या सव्वापट. कोल्हापूर-नागपूरमध्ये पावणेदोनपट. विमान कुठे हवं, याचं अर्धं उत्तर या एका भागाकारात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर वेळापत्रकात असतं. आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी गोम तिथेच आहे.

समजा मुंबईत तुमचा इंटरव्ह्यू आहे, सकाळी अकराला. विमान दिवसातून एकच, आणि तेही दुपारचं. मग तुम्हाला आदल्या दिवशी जावं लागणार, एक रात्र मुंबईत काढावी लागणार. लॉजचे पैसे वेगळे. इंटरव्ह्यू बाराला संपला, परतीचं विमान त्याच सुमारास सुटणार असेल तर अजून एक दिवस. एका तासाच्या विमानासाठी दोन मुक्काम! वाहतुकीचे अभ्यासक या थांबण्याच्या वेळाला वेगळं मोजतात : तुम्हाला निघायचं असतं ती वेळ आणि प्रत्यक्ष वाहन सुटतं ती वेळ, यातलं अंतर. दर अर्ध्या तासाला सुटणाऱ्या एसटीत ते पंधरा मिनिटं असतं. दिवसाला एकच विमान असेल तर कित्येक तास. हे तास कुठल्याही तिकिटावर छापलेले नसतात.

मग सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा अशी दोन विमानं का नसतात? कारण मुंबईत जागा नाही. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तिथला एकेक स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, सोन्याच्या भावाची. दोनशे लोक घेऊन दिल्लीहून येणारं विमान आणि सत्तर लोक घेऊन सोलापूरहून येणारं विमान धावपट्टी सारखाच वेळ अडवतात. मग छोट्या शहरांच्या वाट्याला उरलेल्या वेळा येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेर तिथून विमानं उडू लागली. त्यामुळे ही कोंडी सुटेल अशी आशा आहे. पण तिथल्या सकाळच्या वेळा राज्यातल्या छोट्या शहरांसाठी राखून ठेवल्या जातात की त्याही दिल्ली-बेंगळुरूला जातात, हे बघायला हवं. या प्रश्नावर कुणी नारळ फोडत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

आता पैशाकडे येऊ.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रानं ‘उडान’ योजना आणली. उडे देश का आम नागरिक. एप्रिल २०१७ मध्ये पहिलं विमान सिमल्याहून दिल्लीला उडालं, त्याच वेळी आपल्या नांदेड-हैदराबाद मार्गालाही झेंडा दाखवला गेला. कल्पना साधी : साधारण तासाभराच्या, पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपये. विमानातल्या साधारण अर्ध्या सीट या दरात विकायच्या. त्यातून कंपनीला जो तोटा होईल, तो सरकार तीन वर्षं भरून देणार. बहुतेक राज्यांत यातला २० टक्के वाटा राज्याचा. विमानाच्या इंधनावर राज्यानं फक्त १ टक्का व्हॅट घ्यायचा. तीन वर्षांत लोकांना सवय लागेल, मग मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील.

राहिला का? कॅगनं २०२३ मध्ये या योजनेचं ऑडिट संसदेसमोर ठेवलं. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले होते. त्यातले ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. म्हणजे निम्म्याहून जास्त. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ती ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत उडत राहिले ते फक्त ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न. शंभरात सात.

आपल्या घरचं उदाहरण चिपीचं. ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्ग विमानतळ केवढ्या थाटात सुरू झालं! मुंबईतल्या चाकरमान्यांनी गणपतीची तिकिटं मोजायला घेतली. बरोबर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मदतीची मुदत संपली आणि मुंबई-चिपी विमान थांबलं. मधल्या काळात मोपा सुरू झालं होतं. चिपीपासून हवेतून जेमतेम ४५-५० किलोमीटर. तिथे दिवसभर विमानं, वेळा हव्या तशा, चढाओढीमुळे तिकीटही बऱ्याचदा स्वस्त. सावंतवाडीचा माणूस कुठे जाईल? दोन विमानतळांमधलं अंतर किती असावं, हा प्रश्न फक्त विमान उडवण्यापुरता नाही, तो विमानतळ बांधण्याआधीही विचारायचा असतो.

सोलापूरचा हिशेब तर आणखी मोकळा आहे, कारण आकडे समोर आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सोलापूर-पुणे-मुंबई हवाई प्रवासासाठी वर्षभर प्रत्येक सीटमागे ३,२४० रुपये ‘स्टार एअर’ कंपनीला द्यायचं ठरवलं. (त्याच बैठकीत १५ हजारांच्या पोलीस भरतीचाही निर्णय झाला, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती बैठक दुसऱ्याच कारणासाठी आठवत असेल.) या कंपनीच्या एम्ब्रेअर जेटमध्ये ७६ सीट. रोज एक जाणं, एक येणं, म्हणजे वर्षाला ७३० फेऱ्या. ७६ गुणिले ७३० गुणिले ३,२४०. उत्तर १७ कोटी ९७ लाख ५५ हजार २०० रुपये. मंजूर झालेली रक्कम हीच आहे. ऑक्टोबरात विमान सुरूही झालं.

मुंबईच्या अंतराला भागलं तर हे एका सीटला दर किलोमीटरमागे साधारण नऊ रुपये होतात. प्रवासी स्वतः जे तिकीट काढतो ते वेगळं. आणि वंदे भारतच्या तुलनेत तीन तास वाचतात असं धरलं, तर प्रवाशाचा एक तास वाचवायला सरकार हजारावर रुपये देतंय.

थांबा, लगेच ‘श्रीमंतांची चैन’ असं म्हणू नका. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण सरकार एसटीत महिलांना निम्मं तिकीट देतं, त्याचेही पैसे तिजोरीतूनच जातात, आणि ते योग्यच आहे, कारण त्यातून गावातली मुलगी तालुक्याच्या कॉलेजला पोचते. मदत देणं चूक नसतंच. मदतीतून काय मिळतं, एवढंच बघायचं. सोलापूरकरांचं म्हणणं असं आहे की आमची पोरं शिकून पुण्याला जातात ती परत येत नाहीत, कारण इथे कंपन्या येत नाहीत, आणि कंपन्या येत नाहीत कारण त्यांच्या साहेबांचा पहिला प्रश्न ‘फ्लाइट आहे का?’ हा असतो. सोलापूरच्या कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात जाऊन विचारा, किती जणांना गावात राहायचंय आणि किती जणांना राहता येणारेय. शिवाय पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट ही तिन्ही ठिकाणं तास-दीड तासाच्या अंतरावर. बाहेरून येणारा भाविक हा इथला हक्काचा प्रवासी आहे. तेव्हा विमान रिकामं जाईल असं मानायचं कारण नाही.

माझी शंका वेगळी आहे. कंपनीच्या साहेबाला सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचं असतं. दिवसाला एकच फेरी असलेलं विमान त्याला ते करू देतं का? नसेल देत, तर आपण अठरा कोटी रुपये वेगासाठी मोजतोय आणि अडचण आहे वेळापत्रकाची. सहाच्या सुमारास सोलापूर सोडणारी वंदे भारत दुपारी साडेबाराला मुंबईत पोचवते आणि चारच्या सुमारास परत निघते. मध्ये साडेतीन तास मिळतात. एखादं काम होतं, चहा होतो. ज्या दिवशी विमान सकाळी सातला नेऊन रात्री आठला परत आणेल, त्या दिवशी त्यानं रेल्वेला खरोखर हरवलं असं म्हणता येईल.

दुसरी शंका भरवशाची. छोट्या मार्गावर कंपनीकडे बदली विमान नसतं. एकच विमान दिवसभरात सात-आठ फेऱ्या मारतं. सकाळी कुठे तरी धुकं पडलं किंवा चाकाचं काही काम निघालं, की पुढच्या सगळ्या गावांची वेळ चुकते. त्यात छोट्या पल्ल्याच्या विमानाची झीज किलोमीटरवर कमी आणि उड्डाण-उतरणीच्या संख्येवर जास्त ठरते, म्हणून देखभालही वाढते. राज्यातल्या एका छोट्या विमानतळावर माझं स्वतःचं विमान आयत्या वेळी रद्द झालं होतं. पैसे परत मिळाले, पण दुसऱ्या दिवशीचं लग्न काही पुढे गेलं नाही. रात्री आठला निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या सगळ्यात मागच्या सीटवर, इस्त्रीचा शर्ट मांडीवर धरून, मी ‘एक तासाच्या’ प्रवासाला अकरा तास घेतले. असं एकदा झालं की माणूस पुढच्या वेळी एक दिवसाची सवड ठेवून निघतो. मग तो दिवसही प्रवासाच्या वेळात धरायचा की नाही?

आणि शेवटी ती चिमणी. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी विमान उतरण्याच्या वाटेत येत होती. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना उतरत्या छपरासारखी एक अदृश्य पातळी धरलेली असते, तिच्या वर काहीही डोकं काढता कामा नये, हा जगभरचा नियम. वर्षानुवर्षं वाद चालला. विमानतळ बोरामणीला न्या म्हणणारे होते. तिथे जमीन घेतली गेली, पण वनजमिनीचा पेच काही सुटला नाही. शेवटी १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. त्यानंतर पहिलं प्रवासी विमान उडायला जवळजवळ दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत ऊस घालणाऱ्या सभासदांच्या कारखान्याचं जे नुकसान झालं, ते कुठल्याच तिकिटात किंवा सीटमागच्या ३,२४० रुपयांत मोजलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी होटगी रोडवरून विमानात बसाल, तर स्टेटस जरूर टाका. फक्त घरातून पाय बाहेर टाकल्यापासून गोव्यात किंवा मुंबईत मुक्कामी पोचेपर्यंतची वेळ फोनमध्ये टिपून ठेवा, येतानाचीही. आजूबाजूला किती सीट रिकाम्या आहेत ते मोजा. वर्गातल्या दहा जणांनी वर्षभर असं केलं, तर विमान कंपनीलाही देता येणार नाही अशी माहिती तुमच्याकडे जमेल. आणि मंत्रिमंडळानं दिलेली वर्षाची मुदत संपताना ती कामी येईल.